सोडून द्यायचे फेरे

नवं रबर पहिल्यांदा दाबलं की अकड दाखवतं, त्या अकडीवर विश्वास ठेवायचा नाही, असं पुंडलिक सरांनी अरफाला शिकवलं होतं. शिकवणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा, हे त्यांनी शिकवलं नव्हतं आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं. असलं कुणी विचारतं का? ज्या माणसानं हाताला धरून रबराचा वास, रबराची चाल ओळखायला शिकवलं, त्याच्याकडे वाकड्या नजरेनं बघायचं तरी कसं?

वाळूजच्या एमआयडीसीत मोठ्या कंपन्यांच्या भिंती संपतात, तिथल्या एका गाळ्यात सरांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं. मिश्रण कालवायची एक खोली, दोन प्रेस, पॅकिंगचा कोपरा आणि काचेचं दार लावलेली एक प्रयोगशाळा, की झालं. तिथं कृत्रिम पायाची टाच बनायची. अख्खा पाय नाही, नुसती टाच. पावलाच्या मागच्या भागात बसणारा काळा, गुबगुबीत तुकडा. माणूस पाऊल टाकतो तेव्हा सगळा भार आधी त्याच्यावर येतो. तो दबतो, भार उचलला की वर येतो आणि पुढच्या पावलाला तयार राहतो. दिवसभर त्याला दुसरा धंदा नाही.

आता दिसायला सगळ्याच टाचा सारख्या. फरक पोटात असतो. स्प्रिंग दाबली तर ती दिलेला सगळा जोर परत करते. मध दाबला तर तो काहीच परत करत नाही, नुसता सरकतो. रबर या दोघांच्या मधलं. काही परत करतं, काही गिळून टाकतं, आणि गिळलेल्याची ऊब होते. किती परत करतं आणि किती गिळतं हे एकदा दाबून कळत नाही. दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं, माणसाच्या चालीनं, आणि बघत बसायचं.

हे बघत बसणं म्हणजेच अरफाची नोकरी. टाचांच्याच रबराचं, नमुन्याचं पेढ्याएवढं बटण ती यंत्राच्या दोन चकत्यांमध्ये ठेवायची. वरची चकती खालीवर व्हायला लागली की पडद्यावर एक वेटोळं उमटायचं. दाबतानाची एक रेघ, सोडतानाची दुसरी. दोन्ही रेघांच्या मधली जागा म्हणजे रबरानं गिळलेला जोर. वेटोळं बारीक आलं तर टाच गुणाची. जाड आलं तर टाच खादाड, ती माणसाला चालू देणार नाही.

पण सुरुवातीचे फेरे धरायचे नाहीत. रबरात मिसळलेल्या काजळीचे कण आत एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. पहिल्या दाबाला त्यांची पकड सुटते, म्हणून पहिलं वेटोळं भलतंच मोठं येतं. मग रबर नरमतं, एका चालीवर येतं, आणि खरं काय ते तिथून पुढं. हा नियम काही सरांनी मनानं काढलेला नव्हता, सगळीकडे तसंच करतात. सरांनी फक्त एवढंच केलं होतं की सुरुवातीचे फेरे पडद्यावर दिसूच नयेत असं यंत्र लावून दिलं होतं. "कशाला उगाच डोळ्यांना त्रास?" असं म्हणाले होते.

रोज सकाळी बटणही सरच आणून द्यायचे. मिश्रणाची खोली त्यांची, यंत्र अरफाचं, अशी वाटणी पहिल्यापासून होती. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात शंखजिऱ्याची पांढरी पूड लावलेलं बटण. "घ्या मॅडम, तुमचा नाष्टा," असं म्हणून ते बटण टेबलावर ठेवायचे आणि कप तिच्या पुढे सरकवायचे. वडिलांच्या वयाचा माणूस रोज स्वतः चहा आणून देतो, याचं तिला पहिल्या पहिल्यांदा अवघडल्यासारखं व्हायचं. मग सवय झाली.

वडिलांचं नाव निघालंच आहे तर सांगायला हवं. अरफाचे अब्बा, करीमभाई, यांचं छावणीच्या बाजारात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. नगर रोडवर एका ट्रकखाली त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, तेव्हा अरफा कॉलेजात रबर आणि प्लास्टिकचं शास्त्र शिकत होती आणि पुंडलिक सर तिचे शिक्षक होते. सर दवाखान्यात आले. देवगाव रंगारीचा माणूस, येताना घरच्या सीताफळांची पिशवी घेऊन आले. अम्मी पडद्याआड रडत होती. सर अरफाला बाजूला घेऊन म्हणाले, "रडून झालं की उद्या प्रयोगशाळेत ये. तुझ्या वडिलांची टाच तू बनवायची."

आणि तिनं बनवली. किती मिश्रणं कालवली आणि किती फेकली याची गणतीच नाही. शेवटी जे जमलं ते लावून अब्बा घरासमोरच्या गल्लीत चालले, आणि दुकानाची पायरी कुणाचा हात न मागता चढले. सर निवृत्त झाले, त्यांनी हा कारखाना काढला, अरफाला सोबत घेतलं. त्या मिश्रणाला कारखान्यात नावच पडलं, 'करीम'. खोक्यांवर खडूनं लिहायचे, करीम, डावी, करीम, उजवी. अब्बांना त्याचा कोण आनंद! गल्लीत सांगत फिरायचे की वाळूजमध्ये माझ्या नावाचा माल निघतो.

गावोगावी एक संस्था शिबिरं भरवून गरजूंना पाय बसवून द्यायची आणि टाचा सरांकडून घ्यायची. प्रत्येक शिबिराला सर आपल्या गाडीतून अब्बांना नेत. लोक नवे पाय बघून बिचकलेले असत. मग सर माइकवर सांगत, "आता आमचे करीमभाई चालून दाखवतील." अब्बा इस्त्रीचा कुर्ता घालून ऐटीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत, स्टेजच्या पायरीवरून टुणकन उडी मारत, आणि टाळ्या पडत.

अशाच एका शिबिरात भागूबाई पहिल्यांदा अरफाला भेटली होती. वैजापूरच्या मार्केट यार्डात कांदा निवडणारी बाई, उजवा पाय साप चावून गेलेला. "टाच दुपारनंतर बसती, ताई," असं ती म्हणाली होती. अरफानं तिला समोर चालणाऱ्या अब्बांकडे बोट दाखवलं. "तीच टाच आहे मावशी. माझे अब्बा वर्षभर वापरतात. तुमचा पट्टा सैल असेल." भागूबाई काही बोलली नाही. समोर माणूस उड्या मारताना दिसत असल्यावर ती बिचारी काय बोलणार?

तीच भागूबाई एका दुपारी कारखान्याच्या दारात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी वैजापूरला मोठं शिबिर होतं आणि सर मांडवाची व्यवस्था बघायला तिकडे गेले होते. भागूबाई एसटीनं आली होती आणि स्टँडपासून चालत आली होती. कमरेवर हात ठेवून ती आत आली आणि विचारायच्या आधीच खुर्चीवर बसली.

"पट्टा घट बांधला ताई. डबल बांधला. नाय व्हत फरक. सकाळी चांगली असती, दुपारी पाय बुटका व्हतो. एक पाय लांब आन् एक आखूड, सांगा आता कसं चालावं? परवा कांद्याची पाटी घेऊन आडवी झाले. मुकादम म्हनतो, तू आता घरीच बस."

अरफानं तिचा पाय हातात घेतला. टाच खाली दबलेली होती आणि कोमट लागत होती. उन्हातून आली, रस्त्याची ऊब असेल, असं तिच्या मनानं लगेच सांगितलं. मन असल्या वेळी किती तयारीत असतं! आपल्या माणसाची बाजू घ्यायला त्याला कुणी बोलवावं लागत नाही.

"मावशी, आमचा प्रत्येक लॉट मी स्वतः तपासते," ती म्हणाली. "थांबा, तुमच्या डोळ्यांदेखत दाखवते. म्हणजे तुमची खात्री पटेल."

सरांनी सकाळी ठेवून दिलेलं बटण अजून टेबलावरच होतं. उद्याच्या लॉटचं. घाईत होते, "सवडीनं कर," म्हणून गेले होते. अरफानं भागूबाईला यंत्रासमोर बसवलं, अम्मीनं दिलेल्या डब्यातली शेवयांची वडी तिच्या हातावर ठेवली, आणि तिला गंमत वाटावी म्हणून पडद्यावर लपवलेले सुरुवातीचे फेरेही चालू केले. खेडवळ बाईला शेवटची बारीक वेटोळी बघून काय कळणार? पहिलं मोठं वेटोळं बघून मात्र मजा वाटेल, असा तिचा साधा हिशेब.

"आता बघा हं. पहिल्यांदा हे एवढं मोठं वेटोळं येईल. रबर नवं आहे ना, ते ऐकत नाही. मग दुसरं लहान, तिसरं त्याहून लहान. असं करत करत जाग्यावर येईल."

"पोराला शाळेत घातल्यावानी," भागूबाई म्हणाली.

अरफा हसली आणि तिनं यंत्र सुरू केलं. चकती खाली गेली, वर आली. पडद्यावर बारीक, देखणं वेटोळं उमटलं. दुसरं त्याच्यावरच उमटलं. तिसरंही त्याच्यावर. रेघेवर रेघ, केसाचाही फरक नाही.

"आलं का मोठं?" भागूबाईनं विचारलं.

अरफानं यंत्र थांबवलं. बटण नीट बसलं नसेल म्हणून काढलं, पुसलं, परत ठेवलं. पुसताना पूड बोटांना लागली आणि खाली बटणाची कड दिसली. कड झिजून गुळगुळीत झालेली होती, बरेच दिवस खिशात राहिलेल्या नाण्यासारखी. साच्यातून नुकत्याच निघालेल्या बटणाला धारदार काठ असतो. तिनं पुन्हा यंत्र चालवलं. पुन्हा तेच.

रबर एकदा दाबलं गेलं की ते विसरत नाही. सुटलेली पकड रात्रभर ठेवून दिलं तरी पुरती जुळत नाही, त्याला भट्टीत तापवावं लागतं. पहिलं वेटोळं लहान आलं याचा अर्थ एकच होता. हे बटण आज पहिल्यांदा दाबलं जात नव्हतं. याच यंत्रात, याच चकत्यांमध्ये, तिच्याच हातानं ते आधी दाबलेलं होतं. काल, परवा, त्याच्या आधीही. तिनं काढून कचऱ्याच्या डब्यात टाकायचं, त्यांनी संध्याकाळी उचलून घ्यायचं, पूड लावायची आणि सकाळी चहाबरोबर आणून द्यायचं. सुरुवातीचे फेरे लपवलेले, म्हणजे तिला कधी कळायचा प्रश्नच नव्हता. तो नियम तिला कुणी शिकवला होता, हे तिला आठवलं.

"झालं का ताई? चांगली हाय का?"

"बटण चांगलं आहे मावशी," अरफा म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "टाच बघू आता."

पॅकिंगच्या कोपऱ्यात वैजापूरची खोकी रचून ठेवलेली होती. करीम, डावी. करीम, उजवी. तिनं एक खोकं फोडलं, एक टाच घेतली आणि गोल पंच ठेवून हातोडीनं तिच्या पोटातून बटण काढलं. टाच कापली गेली आणि पंक्चरच्या दुकानात येतो तसा वास आला. जुन्या टायरचं रबर. दळून, उकळून, पुन्हा भाजलेलं. ते बटण यंत्रात ठेवलं, तर त्याचं पहिलं वेटोळं पडद्यावर मावेना. ते घसरत घसरत खाली आलं तरी शेवटी भाकरीसारखं जाडच राहिलं. यंत्र थांबल्यावर अरफानं बटण काढलं. ते चपटं झालं होतं, गरम होतं, आणि वर यायचं नाव घेत नव्हतं.

भागूबाईनं ते हातात घेऊन बघितलं. "हीच बया माझ्या पायात हाय," एवढंच म्हणाली. अरफाला तिच्या तोंडाकडे बघवेना. पट्टा सैल असेल, असं आपण या बाईला सांगितलं होतं. शहाणपणानं, हसून, अब्बांकडे बोट दाखवून.

भागूबाई परतीच्या गाडीला गेली, आणि चार वाजायच्या सुमाराला सर आले. येताना त्यांनी नाक्यावरून गरम भजी आणली होती. टेबलावर दोन बटणं शेजारी शेजारी ठेवलेली बघून ते दारातच थबकले. मग आत आले, पुडी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. या माणसाची कमाल अशी की त्यांनी नाही म्हटलं नाही. चिडले नाहीत, हात जोडले नाहीत. वर्गात कुणाचं गणित चुकलं की समजावून सांगत, त्याच आवाजात बोलायला लागले.

"तुझं मिश्रण फार नाजूक आहे अरफा. प्रेसमध्ये जरा इकडचं तिकडं झालं की अर्धा घाणा वाया. संस्थेला माल वेळेवर लागतो. माल गेला नाही तर ते दुसऱ्याकडे जातील, आणि कारखाना बंद. आधी वाटलं, एखाद्या लॉटपुरतं जुनं रबर मिसळू. मग राहिलंच ते."

"मला सांगितलं का नाही?"

"तू पास केलं नसतंस."

"म्हणून एकच बटण रोज?"

"ते बटण तुझ्याच हातचं होतं, पोरी. तू काढलेल्या पहिल्या घाण्यातलं. त्यात खोटं काही नव्हतं."

अरफाला वाटलं होतं, सर खोटं बोलतील आणि आपण त्यांना पकडू. हे तर खरं बोलत होते, आणि तेच ऐकवत नव्हतं. ओरडावंसं वाटत होतं, पण या माणसासमोर आवाज चढवायची सवयच नव्हती.

"सर, भागूबाई पडली. कांद्याची पाटी घेऊन. असे किती जण असतील?"

"पाय नाही त्यापेक्षा बसकी टाच बरी," सर म्हणाले. मग त्यांनी पुढं वाकून अगदी मायेनं विचारलं, "आणि तुझ्या अब्बांच्या टाचेत कधी फरक पडू दिला का मी? आठव. दर खेपेला त्यांची टाच मी स्वतः कालवली, स्वतः भाजली, अस्सल. घरचा माणूस म्हणून."

ते हे उपकार म्हणून सांगत होते. खरोखर उपकार म्हणून! अरफा त्यांच्याकडे बघत राहिली. अब्बांच्या चालीकडे बघून तिनं कधी शंका घेतली नव्हती. अब्बांच्या चालीकडे बघून भागूबाई गप्प बसली होती. शिबिरातली माणसं टाळ्या वाजवून, टाचा घालून घरी गेली होती. यंत्रावर ठेवायला एक बटण आणि स्टेजवर चालवायला एक करीमभाई. दोन्ही अस्सल, दोन्ही जपून ठेवलेली, दोन्ही पुन्हा पुन्हा वापरलेली.

"उद्या शिबिर होऊ दे," सर उठताना म्हणाले. "लोक लांबून येणार आहेत. त्यांना हात हलवत पाठवणार आहेस का तू? त्यानंतर आपण बसून ठरवू. भजी खा, गार होतील."

अरफा भजी न खाता निघाली. पॅकिंगमधून एक डावी टाच तिनं पिशवीत घातली, ती कशासाठी हे तिचं तिलाही त्या वेळी माहीत नव्हतं.

अब्बा दुकानात एका जुन्या मशीनचं चाक उघडून बसले होते. तिनं पिशवी काउंटरवर ठेवली आणि सगळं सांगितलं. घरात त्यांची दखनी चालायची, पण मिश्रण, वेटोळं, फेरे हे शब्द तिच्याकडे मराठीतच होते. अब्बांनी चाक बाजूला ठेवलं. स्क्रूड्रायव्हर हातात तसाच.

"मैं उड़ी मारता था," ते म्हणाले. "लोगां ताली बजाते थे."

"तुम्हाला काय माहीत होतं अब्बा!"

"मेरेकू देख के पहनते थे ना वो लोगां." त्यांनी पिशवीतली टाच काढली, अंगठ्यानं दाबली, नाकाशी नेली. मशीनच्या तेलात आयुष्य गेलेल्या माणसाला जुनं आणि नवं हुंगून कळतं. "सरां मेरेकू गाडी में आगे बिठाते थे. पिछू की सीट पे ये खोके." ते हसले, पण ते हसू बघून अरफाला रडू आलं. तिला वाटलं होतं की फसवणूक आपली झाली. अब्बांच्या तर चालण्याचीच झाली होती, ज्या चालण्याचा त्यांना जगात सगळ्यात जास्त अभिमान होता.

अब्बांनी पाय काढून तिच्यासमोर ठेवला. "सबकू जो दिए, वोइच मेरेकू लगा."

"अब्बा, कंबर जाईल तुमची."

"एक दिन में नइ जाती. लगा तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी सरांची गाडी दाराशी आली. अब्बा इस्त्रीचा कुर्ता घालून पुढं बसले, अरफा मागं. अरफा आली याचा सरांनी आपल्या सोयीचा अर्थ लावला असावा, कारण आरशातून ते एकदा तिच्याकडे बघून हसले.

मार्केट यार्डातल्या लिलावाच्या शेडमध्ये मांडव घातला होता. खाली सिमेंटचा कोबा, कडेला कांद्याची सालं झाडून लावलेली. माणसं कुबड्या, काठ्या, कुणाच्या तरी खांद्याला धरून आलेली. संस्थेचे चिटणीस होते, हार होते. पुढच्या ओळीत भागूबाई बसली होती. सरांनी माइक हातात घेतला. "मंडळी, घाबरायचं काही कारण नाही. आता आमचे करीमभाई चालून दाखवतील."

अब्बा उठले आणि चालायला लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत. टाळ्या पडल्या. एरवी ते तिथून वळून पायरीवर यायचे आणि उडी मारायचे. आज ते वळले आणि परत चालत गेले. पुन्हा वळले, पुन्हा गेले. लोक हसले, कुणीतरी शिट्टी मारली. सर माइकवर पुढचं बोलायला लागले, तरी अब्बा चालतच होते. चिटणीसांचं भाषण सुरू झालं, तरी चालतच होते.

भाषण संपत आलं तेव्हा त्यांचा डावा खांदा प्रत्येक पावलाला खाली जायला लागला होता. थोडा, मग जास्त. कुर्ता पाठीला चिकटला. शेडमधले सगळे भाषण सोडून त्यांच्या पायाकडे बघायला लागले. ज्यांच्या पायात त्या टाचा आधीच होत्या, त्यांना ती लंगडी चाल कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"बस झालं करीमभाई, बसा आता," सर माइक बाजूला धरून म्हणाले.

"बसतो की सर," अब्बा त्यांच्या मराठीत म्हणाले. "ह्या भागूबाई दिवसभर चालतात. मी उलीसं अजून चालतो."

आणखी फेऱ्या झाल्या. अरफा खुर्चीची कड घट्ट धरून बसली होती. शेवटी अब्बा टेबलाशी येऊन टेकले, पाय सोडला, बूट काढला आणि पाय हारांच्या मध्ये उभा ठेवला. टाच खाली बसली होती, एका बाजूला फुगली होती, आणि भार निघून गेला तरी तशीच होती. मग त्यांनी खिशातून काल काढलेली आपली टाच काढून तिच्या शेजारी ठेवली. वर्षभर वापरलेली, आणि तरी अजून पूर्ण उंचीची.

"सर," ते म्हणाले, "ह्यातली करीम कोणती, तेवढं लोकांना सांगा."

सरांनी टेबलाकडे बघितलंच नाही. त्यांनी अरफाकडे बघितलं. चेहऱ्यावर शरम नव्हती, दुखावलेपण होतं. "तू असं करशील असं वाटलं नव्हतं मला," ते हळूच म्हणाले. "आधी माझ्याशी बोलायचं होतंस."

आजवर सरांनी रागावून काही म्हटलं की अरफा मान खाली घालत आली होती. आज तिला नवल वाटलं ते याचं, की मान आजही आपोआप खाली जायला लागली होती. सवय अशी असते. तिनं ती अर्ध्यावरून वर आणली, उठली, आणि सरांच्या हातातून माइक घेतला. "या टाचा कुणी घालू नका," ती म्हणाली. "यांना मी पास केलंय, पण यांना मी कधी तपासलेलं नाही." मग जुन्या टायरचं रबर, रोज येणारं एकच बटण, सगळं सांगितलं. चिटणीसांनी खोकी गाडीतच ठेवायला सांगितली. मागच्या बाजूला एक म्हातारा मोठ्यानं शिव्या द्यायला लागला, आणि त्या कुणाला आहेत हे तोही धड सांगू शकला नसता. सर खुर्चीवर बसून राहिले.

गर्दीतून वाट काढत भागूबाई टेबलापाशी आली. तिनं अब्बांच्या पायाची टाच अंगठ्यानं खोल दाबली आणि बोट काढून घेतलं. काळ्या रबरात अंगठ्याएवढा खड्डा तसाच राहिला.

"बगा," ती अरफाला म्हणाली.

अरफा बघत राहिली. या वेळी अगदी पहिल्या दाबापासून, खड्डा भरून यायची वाट बघत.